डेव्हलपमेंटची तारीख : कागलच्या छोट्या कारखान्यांत डिजिटल साधनांनी काय बदललं

पंपाच्या किंवा ट्रॅक्टरच्या कंपनीकडून नव्या पार्टचं ड्रॉइंग आलं की कोल्हापूरजवळच्या कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्यात जे काम सुरू होतं, त्याला शेडमध्ये ‘डेव्हलपमेंट’ म्हणतात. मुदत ठरलेली, खर्च ठरलेला, काम पूर्वी कधी न केलेलं, आणि शेवटी निकाल एकच : सॅम्पल पास की नापास. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पुस्तकात ज्याचं वर्णन असतं ते हेच. फरक एवढाच, की इथं प्रोजेक्ट मॅनेजर नावाचा माणूस नसतो. मालक असतो, एक-दोन सुपरवायझर असतात, पंधरा-वीस कामगार, दोन-तीन सीएनसी, एखादी व्हीएमसी, आणि त्याच मशीनवर रोजचं रनिंग काम.

या कारखान्यांत गेल्या आठ-दहा वर्षांत मोबाइल, संगणक, सरकारी पोर्टल, ग्राहकाचं पोर्टल आणि नाना तऱ्हेची सॉफ्टवेअर शिरली. त्यांनी कामाचं नियोजन सुधारलं का? माझं मत आधीच सांगून टाकतो. या साधनांनी छोट्या उद्योजकाचा हिशेब पक्का केला आणि त्याच्यावरची बाहेरची नजरही पक्की केली. पण काम एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मध्ये जो वेळ सांडतो, तिथवर ती अजून पोचलेली नाहीत. आणि कोल्हापूरच्या उद्योगात उशीर होतो तो तिथंच.

पंपाचं एक साधं केसिंग घ्या. ड्रॉइंग कागलला आलं, पण पॅटर्न बनतो बहुधा कोल्हापूरच्या उद्यमनगरात. ओतकाम शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत. तिथं कोअर, मोल्डिंग, भट्टी, नॉकआउट, फेटलिंग, शॉट ब्लास्टिंग. मग गरज असेल तर हीट ट्रीटमेंट तिसरीकडे. मशिनिंग कागलला, त्यासाठी लागणारं फिक्स्चर चौथ्याकडे, सीएमएम या मापन यंत्रावरची तपासणी पाचव्याकडे, रंग किंवा प्लेटिंग सहाव्याकडे. यातलं प्रत्यक्ष काम तासांत मोजता येतं, पण सॅम्पल ग्राहकाच्या दारात पोचायला आठवडे जातात. कास्टिंग फाउंड्रीच्या कोपऱ्यात टेम्पोची वाट बघत पडून असतं, फिक्स्चर तयार असतं पण मशीन मोकळं नसतं, प्लेटिंगवाल्याकडे लॉट पुरा होईपर्यंत नग थांबतात. विचारलं की सगळीकडे उत्तर एकच : “उद्या सोडतो की.”

ही विभागणी कोल्हापूरच्या उद्योगाच्या हाडातच आहे. म्हादबा मिस्त्री, वाय. पी. पोवार यांच्या पिढीनं शेतीच्या पाण्यासाठी ऑइल इंजिनं इथं बनवायला घेतली, तेव्हापासून शिवाजी उद्यमनगरात एका गल्लीत पॅटर्न, दुसऱ्या गल्लीत ओतकाम, तिसऱ्या गल्लीत लेथ अशी कामं वाटली गेली. निरोपाला सायकल पुरायची. काम कुठं अडलंय हे चहाच्या टपरीवर कळायचं. पुढं १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीनं शिरोली आणि गोकुळ शिरगावला वसाहती वसवल्या, आणि नंतर कागल व हातकणंगले तालुक्यांच्या हद्दीवर, महामार्गाच्या पूर्वेला, ही पंचतारांकित वसाहत आली. आज इथं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, रेमंड, इंडो काउंट यांच्यासारखे मोठे प्रकल्प आहेत आणि त्यांच्या आजूबाजूला, काही त्यांच्यासाठी तर बरेचसे पुण्या-बंगळूरच्या ग्राहकांसाठी काम करणारे छोटे कारखाने आहेत. पण साखळीचे बाकीचे दुवे जुन्या जागीच राहिले. उद्यमनगरची गल्ली पंचवीस-तीस किलोमीटरवर पसरली. टपरीवर कळणारी गोष्ट आता फोनवर विचारावी लागते, आणि फोनवर माणूस टपरीवर सांगतो तितकं खरं सांगत नाही.

डिजिटल साधनं या शेडमध्ये आली ती नियोजनासाठी नव्हे, कायद्यासाठी. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या मालाला ई-वे बिल आलं. ई-इनव्हॉइसची सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या वरच्या उलाढालीला होती. ती उतरत उतरत ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींपर्यंत आली, म्हणजे कागलमधल्या बऱ्यापैकी चालणाऱ्या मशीनशॉपच्या उंबऱ्यावर. त्याआधी ज्या कारखान्यात संगणक म्हणजे टॅली आणि टॅली म्हणजे संध्याकाळी येणारा अकाउंटंट होता, तिथं आता गाडी गेटबाहेर काढायची तर पोर्टलवर नोंद लागते.

कागलचा भूगोल या नियमांत फार गमतीशीर रीतीनं गुंतलाय. वसाहतीपासून कर्नाटकची हद्द अगदी जवळ. कोगनोळीचा नाका ओलांडला की निपाणी, पुढं बेळगाव, आणि बेळगावही फाउंड्रीचंच गाव. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख रुपयांच्या आतला माल ई-वे बिलाशिवाय हलवता येतो. पण जॉबवर्कसाठी माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा असेल, तर त्याची किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतंच. म्हणजे दहा हजारांची कास्टिंग मशिनिंगला शिरोलीला न्यायची तर चलन पुरतं. तीच निपाणीला न्यायची तर पोर्टल उघडावं लागतं. शिवाय जॉबवर्कला गेलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर तो पुरवठा मानून कर बसतो, आणि या जा-ये मालाची माहिती जीएसटीच्या आयटीसी-०४ फॉर्ममध्ये भरावी लागते. इचलकरंजीच्या सुताला, कापडाला ५० किलोमीटरच्या आतल्या जॉबवर्कसाठी राज्यानं सवलत दिली, तशी इंजिनिअरिंगला नाही.

याची कटकट सगळेच सांगतात. पण या कटकटीतून एक गोष्ट नकळत तयार झाली, आणि तिच्याकडे फारसं कुणी बघितलेलं नाही. प्रत्येक मालाच्या हालचालीला तारीख लागली. कोणता माल कुणाकडे केव्हा गेला आणि केव्हा परत आला, हे आता चलनात आणि विवरणपत्रात लिहिलेलं असतं. गेल्या वर्षाची जॉबवर्कची चलनं काढली, जाण्याची आणि येण्याची तारीख शेजारी शेजारी लिहिली, तर कोणता प्लेटिंगवाला ‘चार दिवस’ सांगून प्रत्यक्षात किती दिवस घेतो हे एका दुपारी कळेल. कोणतं सॉफ्टवेअर विकत घ्यायला नको. पण ही माहिती अकाउंटंटच्या कपाटात राहते, करसल्लागाराकडे जाते आणि तिथंच संपते. सुपरवायझरच्या टेबलावर ती येत नाही. छोट्या कारखान्यातला नियोजनाचा सगळ्यात खरा आणि सगळ्यात स्वस्त दस्तऐवज हा आहे, आणि तो फक्त कर भरण्यासाठी वापरला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी लाट ग्राहकाकडून आली. वाहन उद्योगाला माल द्यायचा तर आयएटीएफ १६९४९ चे नियम, आणि नव्या पार्टसाठी पीपीएपी, म्हणजे पार्टच्या मंजुरीची प्रक्रिया. पीपीएपीच्या फाइलमध्ये १८ घटक असतात : ड्रॉइंगपासून प्रोसेस फ्लो, कंट्रोल प्लॅन, मापांचे निकाल, मटेरियलचे दाखले इथपर्यंत. पूर्वी ही फाइल म्हणजे जाड बॉक्स फाइल असायची, आता ग्राहकाच्या पोर्टलवर एकेक कागद चढवावा लागतो. शेड्युल पोर्टलवर येतं, डिस्पॅचची आगाऊ सूचना पोर्टलवर द्यावी लागते, रिजेक्शनही तिथंच दिसतं. याचा फायदा नाकारता येणार नाही. ग्राहकाला नेमकं काय हवंय हे आता लेखी असतं, आणि ज्याला ही फाइल नीट बांधता येते त्याला पुण्याचं काम मिळतं. पण चार ग्राहक असले की चार पोर्टलं, चार पासवर्ड, चार तऱ्हेचे नमुने. एक मुलगी किंवा एक डिप्लोमावाला मुलगा दिवसभर तीच माहिती चार ठिकाणी भरत बसतो, आणि तो पगार कारखान्याच्या अंगावर पडतो. ग्राहकाला त्याच्या पडद्यावर पुरवठादाराची सगळी साखळी दिसते. पुरवठादाराला मात्र स्वतःच्या शेडमध्ये काय अडलंय ते त्या पोर्टलवर दिसत नाही. ते पोर्टल त्याच्यासाठी बांधलेलंच नाही.

एका साधनानं मात्र डेव्हलपमेंटचे दिवस खरोखर कमी केले, आणि त्याला नियोजनाचं साधन कुणी म्हणत नाही. ते म्हणजे ओतकामाचं सिम्युलेशन. पूर्वी गेटिंग आणि रायझर कुठं द्यायचा हे जुन्या मिस्त्रीच्या अंदाजावर चालायचं. ओतून बघायचं, कापून बघायचं, आत पोकळी किंवा श्रिंकेज दिसलं की पॅटर्न बदलायचा, परत ओतायचं. प्रत्येक फेरीला पॅटर्नवाला, फाउंड्री आणि मशीनशॉप तिघांची तारीख पुन्हा जुळवायची. आता धातू साच्यात कसा भरेल, कुठं शेवटी गोठेल हे आधी पडद्यावर बघता येतं. आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक बी. रवी यांनी विकसित केलेलं ऑटोकास्ट हे त्यातलं देशी सॉफ्टवेअर, आणि ई-फाउंड्री हा त्यांच्याच पुढाकारातला ऑनलाइन शिक्षणाचा उपक्रम छोट्या ओतकामवाल्यांना डोळ्यासमोर ठेवून उभा राहिला. परदेशी सॉफ्टवेअरही आहेत, महाग आहेत, पण दर कामाचे पैसे घेऊन सिम्युलेशन करून देणारे लोक मिळतात. पडद्यावर झालेल्या चुकीला फक्त वीज लागते. तीच चूक भट्टीपाशी झाली की तिघांच्या तारखा मोडतात. या साधनाचं यश नेमकं इथं आहे : ते नियोजन करत नाही, पण हातातून हातात जाण्याच्या फेऱ्याच कमी करतं.

आता व्हॉट्सअ‍ॅप. कागलच्या छोट्या कारखान्याचं खरं प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर कोणतं असं कुणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर हेच आहे. प्रत्येक पार्टचा, प्रत्येक ग्राहकाचा, प्रत्येक फाउंड्रीचा ग्रुप असतो. सकाळी साडेनऊला फाउंड्रीतून फोटो येतो : खडूनं गोल केलेला ब्लोहोल, शेजारी ठेवलेली स्टीलची पट्टी, खाली कुणाच्या तरी बुटाचं टोक. त्याखाली व्हॉइस मेसेज : “हे बघा सायेब, फेसवर मटेरियल कमी पडतंय, दोन एमएम वाढवून मागा.” मालक पुण्याच्या गाडीत असतो. तो तोच फोटो ग्राहकाच्या इंजिनिअरला पाठवतो. तासाभरात उत्तर येतं. पूर्वी यासाठी नग घेऊन माणूस जायचा, आणि दोन दिवस जायचे. हा फायदा लहान नाही. व्हॉइस मेसेजमुळं तर लिहायला संकोचणारा मिस्त्रीही साखळीत आला. त्याचं निरीक्षण पहिल्यांदा ग्राहकाच्या इंजिनिअरपर्यंत त्याच्याच शब्दांत पोचलं.

पण व्हॉट्सअ‍ॅपला आठवण नसते. दोन महिन्यांनी वाद होतो की ते दोन एमएम कुणी मंजूर केले होते, आणि मग तीन जण तीन फोनवर मेसेज शोधत बसतात. एकाचा फोन बदललेला असतो, एक जण नोकरी सोडून गेलेला असतो. त्याहून मोठा धोका ड्रॉइंगचा. सुधारित ड्रॉइंग ग्रुपवर येतं, खाली चाळीस मेसेज जमतात, आणि मशीनवरचा ऑपरेटर गॅलरीत जतन केलेलं जुनं ड्रॉइंग बघून काम चालू ठेवतो. रिव्हिजन बी आणि रिव्हिजन सी यांच्यातला फरक एका भोकाच्या टॉलरन्सचा असतो, पण सगळा लॉट रिजेक्ट होतो. शिवाय ग्राहकाचं गोपनीय ड्रॉइंग पंधरा जणांच्या खाजगी फोनवर पडून राहतं, हा विषय तर अजून कुणी हाताळलेलाच नाही. ज्या शेडमध्ये मालकानं ‘ड्रॉइंग ग्रुपवर यायचं नाही, मशीनपाशी लावलेला सही-शिक्क्याचा कागदच खरा’ एवढा एक नियम पाळला, तिथं व्हॉट्सअ‍ॅपचा वेग मिळतो आणि हा धोका टळतो. नियम साधा आहे, पण तो रोज पाळायला माणूस लागतो.

व्हॉट्सअ‍ॅपच्या वरची पायरी एक्सेल. डेव्हलपमेंटची शीट बहुतेकांकडे असते : पार्ट, ग्राहक, पॅटर्न, कास्टिंग, मशिनिंग, सॅम्पल, शेरा. ती चांगली असते, पण बहुधा ती सोमवारच्या बैठकीसाठी रविवारी भरली जाते. त्यामुळं ती झालेलं सांगते, होणारं सांगत नाही.

आणि त्याच्या वर ईआरपी. इथं पैशाचा अडथळा आता पूर्वीइतका राहिलेला नाही. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट मुक्त स्रोत आहे. चेन्नईच्या झोहोसारख्यांची साधनं महिन्याच्या भाड्यानं मिळतात. पुण्यात आणि कोल्हापुरातही छोट्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करून देणारी मंडळी आहेत. तरी अर्ध्यावर सोडलेल्या ईआरपीच्या कहाण्या कोणत्याही वसाहतीत ऐकायला मिळतात. कारण बघायला गेलं तर फार खालच्या पातळीवरचं असतं. एकाच कास्टिंगची तीन नावं : ग्राहकाचा लांबलचक पार्ट नंबर, फाउंड्रीचा पॅटर्न नंबर, आणि शेडमधलं ‘तीन कानाचं’ किंवा ‘मोठं झाकण’ हे रोजचं नाव. संगणकाला पहिलं कळतं, कामगाराला तिसरं. मधला दुवा एका सुपरवायझरच्या डोक्यात असतो. मग जॉब कार्डावर तेलाच्या बोटांनी लिहिलेले नग संध्याकाळी डेटा एंट्रीच्या मुलीकडे जातात, ती रात्री आठपर्यंत थांबून ते भरते, आणि मालक दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर कालची स्थिती बघतो. तोवर आजचं काम फोनवर ठरून गेलेलं असतं. पडद्यावरचा आकडा आणि शेडमधला आकडा एकदा जुळेनासा झाला की माणसांचा विश्वास उडतो, आणि विश्वास उडालेलं सॉफ्टवेअर फक्त बिल छापायला उरतं.

या बाबतीत एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो मुंबईजवळचाच आहे. अर्थतज्ज्ञ निक ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत एक प्रयोग केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. कारखाने छोटे नव्हते, शंभरावर कामगारांचे होते, पण घराण्याचेच होते. काही कारखान्यांना सल्लागार कंपनीचे लोक फुकट दिले, काहींना फक्त महिनाभराच्या पाहणीपुरते. शिकवलं काय, तर अगदी मूलभूत गोष्टी : मशीन का थांबलं याची रोज नोंद, खराब मालाची कारणवार नोंद, साठ्याची मांडणी, रोजची छोटी बैठक. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. आणि या कारखान्यांत संगणकाचा वापर नंतर वाढला, कारण आता नोंदी होऊ लागल्या होत्या आणि त्या सांभाळायला तो लागला. मालक खालच्या माणसांवर जास्त निर्णय सोपवू लागले, तेही त्यांना आकडे दिसू लागल्यामुळं. क्रम लक्षात घ्या. आधी सवय, मग साधन. कागलमध्ये बहुतेक ठिकाणी तो उलटा आहे. त्याच संशोधकांनी आठ-नऊ वर्षांनी परत जाऊन बघितलं तेव्हा शिकवलेल्या पद्धतींपैकी जवळपास अर्ध्या सुटलेल्या होत्या, आणि सुटण्याची कारणं होती व्यवस्थापक बदलणं आणि मालकाला वेळ नसणं. या दोन्ही गोष्टी पंधरा माणसांच्या शेडमध्ये किती सहज घडतात, हे वेगळं सांगायला नको.

प्रोजेक्टच्या सॉफ्टवेअरचा आणखी एक मूलभूत पेच आहे. १९५७-५८ च्या सुमाराला अमेरिकेत सीपीएम आणि पर्ट या पद्धती जन्मल्या त्या प्रचंड कामांसाठी : एक ड्यूपाँटच्या रसायन कारखान्यांसाठी, दुसरी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी. एक मोठं काम, एक मालक, त्याच्यासाठी राखून ठेवलेली साधनसामग्री. आजची बहुतेक अ‍ॅप्स याच चित्रावर बेतलेली आहेत. छोट्या कारखान्यात उलट असतं : सात-आठ छोटी कामं, आणि सगळ्यांची मान एकाच व्हीएमसीत अडकलेली. त्यात रनिंग आणि डेव्हलपमेंट यांचं रोजचं भांडण. रनिंग थांबवलं तर या महिन्याचं बिल जातं, डेव्हलपमेंट थांबवलं तर पुढच्या वर्षाचं काम जातं. प्रत्येक पार्टचा स्वतंत्र तक्ता पडद्यावर हिरवा दिसतो आणि तरी सगळ्यांना उशीर होतो, कारण त्या एका मशीनच्या तासांचा तक्ता कुणी मांडलेलाच नसतो. एली गोल्डरॅट यांनी १९८४ च्या ‘द गोल’मध्ये आणि १९९७ च्या ‘क्रिटिकल चेन’मध्ये हीच गोष्ट मांडली : अडणारं एक ठिकाण ओळखा आणि सगळं त्याच्याभोवती बसवा. त्यासाठी अ‍ॅप लागत नाही. व्हीएमसीशेजारी भिंतीवर फळा, त्यावर पुढच्या दोन आठवड्यांचे तास, आणि कोणते तास डेव्हलपमेंटचे हे मालकाच्या सहीनं ठरलेलं. हा फळा रोज मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकला तर मला ते कागलमधलं उत्तम डिजिटल नियोजन वाटेल.

सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरला इथल्या काही तारखा माहीत नसतात. पट्टणकोडोलीची विठ्ठल बिरदेवाची यात्रा वसाहतीच्या अगदी दारात भरते. त्या दिवसांत माणसं कमी येणार हे सुपरवायझरला ठाऊक असतं, पडद्याला नसतं. ऊसतोडीचा हंगाम, गावच्या जत्रा, फाउंड्रीतल्या बिहार-उत्तर प्रदेशच्या कामगारांचं छठला किंवा होळीला गावी जाणं, हे सगळं मिस्त्री मनात धरूनच तारीख देतो. आणि पूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. निपाणीकडे यमगर्णीजवळ वेदगंगेनंही तेच केलं. कागल दोन्ही बाजूंनी तुटलं. शेड कोरडी, मशीन चालू, पण कास्टिंग पलीकडच्या तीरावर. त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅप खरंच कामी आलं : ग्राहकांना वेळेवर फोटो गेले, तारखा मागून घेता आल्या. पण कोणता पार्ट कोणत्या टप्प्यावर कुठं अडकलाय याची यादी करायला बऱ्याच जणांना फोनवर फोन करावे लागले, आणि त्या यादीची किंमत तेव्हा कळली.

माणसांबद्दलही बोललं पाहिजे. मशीनवर सेन्सर बसवून ते किती वेळ चाललं, किती वेळ थांबलं हे मोबाइलवर दाखवणारी यंत्रणा आता स्वस्त झालीय. तिचा उपयोग आहे, पण ऑपरेटरला ती बहुधा नजर वाटते. थांबलेल्या मिनिटांचं कारण त्याला विचारलं जात नाही, फक्त मिनिटं मोजली जातात. टूल आलं नाही म्हणून थांबला, की ड्रॉइंग कळलं नाही म्हणून, हे त्यालाच माहीत असतं. ते कारण त्याला मराठीत, दोन बटणांत नोंदवता आलं, तर तोच आकडा नियोजनाचा होतो. नाहीतर माणूस सेन्सरला चुकवायला शिकतो. पडद्याची भाषा इंग्रजी ठेवून कागल, मुरगूड, हुपरीहून येणाऱ्या आयटीआयच्या मुलाकडून नेमकी नोंद मागायची, हे अन्यायाचं आहे आणि धंद्याच्या दृष्टीनं वेडेपणाचंही. गोकुळ शिरगावचं केआयटी, शिवाजी विद्यापीठ यांच्यासारख्या संस्था जवळ आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट अशा एखाद्या शेडमधल्या मराठी नोंदीवर झाले, तर दोघांचंही भलं होईल.

आणि शेवटी पैसा. डेव्हलपमेंटमध्ये पॅटर्नचे, फिक्स्चरचे, ट्रायलचे पैसे आधी घालावे लागतात, आणि ते परत येतात सॅम्पल मंजूर झाल्यावर. एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघू उद्योगाचं देणं जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं. आयकर कायद्याच्या ४३बी(एच) कलमानं २०२३-२४ पासून त्याला धार आणली : मुदतीत पैसे दिले नाहीत तर ग्राहकाला तो खर्च प्रत्यक्ष देईपर्यंत वजा करता येत नाही. ट्रेड्सच्या मंचांवर बिल मांडून आधी पैसे उचलता येतात, आणि २५० कोटींवरच्या उलाढालीच्या कंपन्यांना तिथं नोंदणी सक्तीची झालीय. हे सगळं डिजिटलच आहे. पण ते ज्या एका पायावर उभं आहे तो म्हणजे माल मिळाल्याची आणि स्वीकारल्याची तारीख. कायद्यात १५ दिवसांच्या आत लेखी आक्षेप घेतला नाही तर माल स्वीकारला असं धरतात. आता सॅम्पलबद्दल ग्राहकाचा इंजिनिअर फोनवर म्हणतो “जरा बघतो”, आणि महिना जातो. जो उद्योजक सॅम्पल पोचल्याची पोच आणि आलेला प्रत्येक आक्षेप ई-मेलवर ठेवतो, त्याच्या हातात काहीतरी असतं. बाकीच्यांकडे फक्त मोबाइलवरच्या निळ्या खुणा असतात.

छोट्या कारखान्यांनी एकेकट्यानं ईआरपी घेऊन ही गाठ सुटणार नाही, कारण गाठ एका कारखान्यात नाहीच. कागलची मॅक, शिरोलीची स्मॅक, गोकुळ शिरगावची गोशिमा या संघटना रस्ते, वीजदर, पाणी यांसाठी सतत झगडत असतात, आणि ते गरजेचंच आहे. पण त्यांनी पॅटर्नवाले, फाउंड्री, मशीनशॉप, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग यांना एकत्र बसवून एक साधा समान नमुना ठरवावा : पार्टचं एकच नाव, आणि प्रत्येक हस्तांतराच्या चार तारखा, म्हणजे कबूल केलेली, माल मिळाल्याची, काम संपल्याची, माल सोडल्याची. फोनवर मराठीत, बोलूनही भरता येईल असा. तारीख चुकली तर दंड नको, पुढच्याला आपोआप कळवणं पुरे. सुरुवात पॅटर्नमेकरपासून व्हावी. पुढच्या सगळ्यांच्या तारखा त्याच्या तारखेवर बसलेल्या असतात, आणि आजवर आलेल्या कोणत्याही पोर्टलनं, अ‍ॅपनं किंवा ईआरपीनं त्याच्यासाठी एक रकानाही ठेवलेला नाही.